पाहत राहणाऱ्याचे शील

पंचशील ग्रहण करताना आपण हत्या, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्यपान यांपासून अलिप्त राहण्याचा निश्चय करतो. आता समजा, घाटात जीप उलटली आहे, माणूस रक्तबंबाळ पडला आहे आणि एक गृहस्थ नुसता पाहत उभा आहे. त्याने कोणते शील मोडले? शब्दशः पाहिले तर एकही नाही!

काठीच्या राजवाडी होळीला सातपुड्यातून हजारो माणसे येतात, रात्र जागवून डोंगरवाटांनी परततात. तेव्हा या भागातील नवदीक्षित बंधुभगिनींना हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. हा आपल्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून सोबतचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. त्यांनी त्याला मारले नव्हते, लुबाडले नव्हते. तरी भगवंतांनी आनंदाकडून पाणी मागवून आनंदासह त्याला धुतले आणि मग संघाला जाब विचारला. तो जाब काही न केल्याबद्दलच होता.

न केलेल्या कर्माने माणूस कसा मरतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. हिंदू डॉक्टर वस्तीत येईना. शेवटी आला, तर थर्मामीटरसुद्धा एका मुसलमानाच्या हातून दिला. पुन्हा बोलावले तेव्हा आलाच नाही. ती बाई दगावली. शिक्षकाचे हे पत्र डिसेंबर 1929 मध्ये 'यंग इंडिया'त छापले गेले व बाबासाहेबांनी ते आपल्या लिखाणात नोंदवून ठेवले.

कायदा येथे अर्ध्या वाटेपर्यंतच येतो. त्रयस्थ वाटसरूने मदत केलीच पाहिजे, अशी सर्वसाधारण सक्ती आपल्याकडे नाही. परंतु 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आले. सद्‌हेतूने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. म्हणजे 'पोलिसांचे झेंगट नको' ही सबब संपली.

उरली ती 'आपला माणूस नाही' ही सबब. तिचा एक नवा अवतार आपल्यातही दिसतो: होळीत दारू प्याला, भोगू दे! पाचवे शील स्वतःसाठी घेतलेले असते. दुसऱ्याच्या जखमेवर फडके बांधण्यापूर्वी त्याचे तोंड हुंगावे, असे ते सांगत नाही.

108 क्रमांकाला फोन करावा. डोंगरात फोन लागला नाही, तर पाड्यावरचे आदिवासी बांधव बांबूला झोळी बांधतात आणि आळीपाळीने खांदा देत सडक गाठतात. त्या बांबूखाली आपल्या मुलांचाही खांदा असावा.