मतभेद आणि गुरुनिष्ठा

शिष्यानें गुरूशीं मतभेद दाखविला म्हणजे गुरुनिष्ठेस बाध येतो, अशी समजूत आपल्या समाजांत पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. जेथें मिळालेली विद्या जतन करणें हेंच शिष्याचें मुख्य काम होतें, तेथें तिनें फारसें नुकसान होत नसे. आजच्या संशोधनांत मात्र कोणासहि ठाऊक नसलेली गोष्ट शिष्यानें शोधून काढावी, अशी अपेक्षा असते. अशा ठिकाणीं मार्गदर्शकाचेंच मत सुवाच्य अक्षरांत त्यास परत लिहून दिलें, तर ती निष्ठा म्हणावी कीं विद्येची फसवणूक?

डॉ. इरावती कर्वे यांनीं १९३० पूर्वींच्या दोन-तीन वर्षांत बर्लिन येथें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं संशोधन केलें. कवटीच्या घडणीवरून युरोपीय वंशाचें बौद्धिक श्रेष्ठत्व सिद्ध होतें, असा फिशर यांचा ग्रह होता. इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. त्यांना तसा पुरावा आढळला नाहीं आणि त्यांनीं तसें लिहिलें. गुरु पुढें १९३३ सालीं बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, व त्यांची मतें नाझी राजवटीच्या उपयोगीं पडलीं. शिष्येनें मात्र मोजमापाची शिस्त गुरूपासून घेतली, ग्रह घेतला नाहीं. याच इरावतीबाईंनीं पश्चिम खानदेशांतील भिल्लांची केलेली पाहणी १९६१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. त्या मुलखाचा एक भाग १९९८ पासून नंदुरबार जिल्हा म्हणून ओळखला जातो.

याच्या उलट बाजूचें उदाहरण प्रा. एडविन कॅनन यांचें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या रुपयाविषयींच्या १९२३ सालच्या ग्रंथास त्यांनीं प्रस्तावना लिहिली. ग्रंथांतील बऱ्याच टीकेशीं आपण सहमत नाहीं, असें तींत स्पष्ट सांगून त्यांनीं लेखकाच्या विचारांतील ताजेपणाचा गौरव केला. आपलें मत न सोडतां शिष्याचें मत जगापुढें ठेवण्यास जें औदार्य लागतें, तें येथें दिसतें.

अक्कलकुवा अगर धडगांवकडील एखादी विद्यार्थिनी आपल्याच बोलीवर प्रबंध लिहिण्यासाठीं जळगांवच्या विद्यापीठांत नांव नोंदविते, तेव्हां हा प्रश्न अधिक नाजूक होतो. अभ्यासाची पद्धति मार्गदर्शकास अधिक कळते; घरांत बोलली जाणारी पावरी तिला अधिक कळते. दोघांचें ज्ञान एकत्र आल्यावांचून काम तडीस जात नाहीं. परंतु सही लागते ती मार्गदर्शकाची. आणि ज्याच्या हातीं सही, त्याच्यापुढें खरें बोलण्यास धैर्य लागतें. म्हणून मतभेदाची वाट मोकळी ठेवण्याचा अधिक भार बलवानावर पडतो. ‘माझें कोठें चुकतें?’ हें त्यानें आपण होऊन विचारावें.

नवशिक्याचा मतभेद पुष्कळदां अज्ञानांतून येतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाहीं. पण इरावतीबाईंनीं गुरूपुढें नुसतें मत ठेवलें नाहीं, मोजमापें ठेवलीं. तेव्हां कोणत्या पुराव्यानें कोणतें मत सोडावयाचें, हें दोघांनीं आरंभींच ठरवावें. आणि विद्यार्थ्यानें शंका पोटांत न ठेवतां ती वेळीच, आधारासह मांडावी. मग कोण जिंकला हा प्रश्न गौण ठरतो. गुरूनें शिष्याकडून पराभवाची इच्छा करावी, असें आपले पूर्वजहि सांगत आले. तें वचन आचरणांत आणण्याची जागा आज संशोधनाची खोली हीच आहे.