पंच आपल्याच संघाचा

बंगळुरूच्या मैदानांवर रविवारी सकाळी टेनिस बॉलचे सामने रंगतात. पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच. बॅटची कड लागली का, हे मित्राविरुद्ध त्यानेच सांगायचं. अवघड काम!

आपल्याच संघाविरुद्ध खरं सांगण्याची एक गोष्ट: फेब्रुवारी १९८०, मुंबईचं वानखेडे मैदान, भारत-इंग्लंड कसोटी. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद दिलं. पण कड लागलेली नव्हती, म्हणून आपल्या बंगळुरूच्या गुंडप्पा विश्वनाथांनी, भारताच्या कर्णधाराने, त्याला परत बोलावलं. टेलर आणि त्याचा साथीदार बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली, भारत कसोटी हरला. माझ्या मते विश्वनाथांनी योग्य तेच केलं.

तुम्हीही आज पंच म्हणून उभे राहाल आणि मित्राच्या बॅटची कड ऐकू येईल, तेव्हा बोट वर करा. तो रुसला तरी करा.