ब्रेकनंतर तो दिसत नाही

'सीआयडी' बघत मोठं झालेल्या कुणालाही एक नियम पाठ असतो : ज्याच्यावर पहिला संशय येतो, तो खुनी नसतो. एपिसोड सुरू होऊन दहा मिनिटं झालेली असतात. बंगल्यातला ड्रायव्हर नाहीतर नोकर घाबरून पळतो, दया त्याला धरतो, एक सणसणीत कानाखाली बसते. आपण सतरंजीवर लोळत निवांत म्हणतो, "हा नाही. अजून अर्धा तास बाकी आहे."

आपलं बरोबर निघतं. ब्रेकनंतर संशय दुसऱ्यावर जातो, मग तिसऱ्यावर. शेवटी खरा खुनी सापडतो, गुन्हा कबूल करतो आणि आपण जेवायला उठतो. तो पहिला माणूस मात्र पुन्हा दिसत नाही. त्याला कुणी 'चुकलं आमचं' म्हणत नाही. त्याची नोकरी टिकली का, शेजाऱ्यांनी त्याला पुन्हा घरात घेतलं का, हे दाखवायला एपिसोडमध्ये जागाच नसते.

पातूरला आमच्या घरी हा प्रश्न फक्त आजीला पडायचा. शेवटची पाटी येऊन गेली तरी ती विचारायची, "अन् त्या पह्यल्या पोट्ट्याचं काय झालं? त्याले तं फुकट मारलं नं?" घरात कुणाकडेच उत्तर नसायचं. पुढे मला वाटू लागलं, की गुन्ह्याच्या मालिकांना विचारण्यासारखा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

आधीचे टीव्हीवरचे गुप्तहेर आठवून बघा. १९८५चा 'करमचंद' गाजर चघळत संशयितांना भंडावून सोडायचा. १९९३मध्ये दूरदर्शनवर आलेला ब्योमकेश बक्षी स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नसे, 'सत्यान्वेषी' म्हणायचा. या दोघांकडे बेड्या नव्हत्या, कोठडी नव्हती. त्यांनी चुकीच्या माणसावर संशय घेतला, तर त्या माणसाचा फार तर चहा थंड व्हायचा. पटवून देणं हीच त्यांची ताकद होती.

मग नायकाच्या अंगावर वर्दी आली, किंवा वर्दीचा अधिकार आला. मराठीत 'एक शून्य शून्य' आली. ती करणारे बी. पी. सिंग आणि त्यातले पोलीस अधिकारी शिवाजी साटम हीच जोडी १९९८मध्ये 'सीआयडी' घेऊन आली. २०१८पर्यंत दीड हजारांवर भाग झाले, २०२४च्या शेवटी ती पुन्हा सुरूही झाली. मधल्या काळात 'क्राइम पेट्रोल' आलं, स्टार प्रवाहवर 'लक्ष्य' आली. आता संशय घेणाऱ्याकडे हात होता आणि तो उगारायची मुभाही होती.

टीव्हीवर ती मुभा आपल्याला खटकत नाही, कारण खुनी कोण हे लेखकाला आधीच माहीत असतं. चौकशी कितीही वाकडी गेली तरी चाळिसाव्या मिनिटाला सत्य हाती येणारच. मधल्या थपडा म्हणजे वाटेतले गतिरोधक. खऱ्या तपासात मात्र शेवटचं पान कुणी वाचलेलं नसतं. तिथे बसलेली प्रत्येक थप्पड खुन्याला बसली की दुसऱ्या कुणाला, हे मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

कायद्याला हे फार पूर्वी कळलं होतं. १८७२च्या पुरावा कायद्यातलं कलम २५ सांगायचं, की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. राज्य इंग्रजांचं, पोलीस इंग्रजांचे, आणि तरीही त्यांच्याच कायद्याला त्यांच्या पोलिसांसमोरच्या कबुलीवर भरवसा नव्हता. कबुली कशी काढली जाते, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३मध्ये हा नियम कायम आहे. त्या कबुलीतून एखादी वस्तू वगैरे सापडली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरता येतो. म्हणजे एसीपी प्रद्युम्न यांच्यासमोर खुनी जे भडाभडा बोलतो, त्यातलं बहुतेक कोर्टात टिकणार नाही. आपल्यासाठी जिथे गोष्ट संपते, तिथे कायद्याच्या लेखी ती अजून सुरूही झालेली नसते.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्याच्या घरी खून झालाय, त्याला विचारा. त्याला आज न्याय हवा असतो. कायद्याचा कीस काढत बसलं तर गुन्हेगार सुटतील, थोडा हात लावल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. हे बोलणाऱ्यांमध्ये खूप सोसलेली माणसंही असतात.

त्यांच्यासाठीच भोकरदनची गोष्ट सांगायला हवी. जून २००३मध्ये जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबावर हल्ला झाला, पाच जण मारले गेले, बलात्कार झाला. सहा जणांना अटक झाली. सहाही जण भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यानंतर दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ला, त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता.

यात फक्त सहा निरपराध माणसांची सोळा वर्षं गेली नाहीत. ज्या कुटुंबाला न्याय हवा होता, त्याचा न्यायही गेला. पहिल्या संशयितावर थांबणं म्हणजे खऱ्या खुन्याला पळायला वेळ देणं. टीव्हीवरची टीम निदान ब्रेकनंतर पुढे तरी जाते.

पण पहिला संशय कुणावर जातो, हे कोण ठरवतं? मी शाळेत असताना आमच्याकडे एका वावरातून ओलिताच्या मोटारीची केबल चोरीला गेली. पंचनामा व्हायच्या आधीच पारावर नाव ठरलं होतं : बेड्यावरचा एक पारधी पोरगा. तो त्याच वावरात मजुरीला जायचा. त्याला नेलं, एक रात्र बसवून ठेवलं, सकाळी सोडलं. पुढे केबल भलत्याच ठिकाणी, भलत्याच माणसाकडे सापडली. ज्या पारावर त्याचं नाव घेतलं गेलं होतं, त्या पारावर 'तो नव्हता' असं कुणी म्हटलं नाही. त्या हंगामात त्याला कुणी कपाशी वेचायला बोलावलं नाही. दिवाळीनंतर तो दिसायचा बंद झाला.

इंग्रजांनी १८७१मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. पारावरून तो गेलेला नाही. म्हणूनच २०२२मधला 'दिल्ली क्राइम'चा दुसरा सीझन मला या सगळ्या प्रवासातलं मोठं वळण वाटतो. तिथे खून होतात आणि पोलीस सवयीने विमुक्त जमातीच्या माणसांना उचलून आणतात. या वेळी मात्र कॅमेरा त्या माणसांबरोबर थांबतो. आजीच्या प्रश्नाला पडद्यावर जागा मिळायला एवढी वर्षं लागली.

संशय घेणं गैर आहे असं मला म्हणायचं नाही. त्याशिवाय तपासच होणार नाही. पण संशय हा उसनवारीचा व्यवहार आहे. एखाद्या माणसाची अब्रू आपण पुरावा मिळेपर्यंत उसनी घेतो. पुरावा मिळाला नाही, तर ती परत करावी लागते, आणि जिथून घेतली तिथेच. चौकात घेतलेला संशय कोठडीचं दार हळूच उघडून फिटत नाही, तो चौकातच फेडावा लागतो. त्या पोराला सोडलं हे खरं, पण त्याचं उसनं त्याला कुणी परत केलं नाही.

हे फक्त पोलिसांचं काम असतं तर बरं झालं असतं. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी, पुन्हा भटकेच. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. तिथे ना एसीपी होता, ना दया. पहिलाच संशय शेवटचा ठरला.

आता तो मोबाइल आपल्या हातात आहे. सीसीटीव्हीतला धूसर चेहरा, खाली 'हा चोर आहे, पुढे पाठवा'. गावाच्या ग्रुपवर असं काही आलं की आपण क्षणात तपास अधिकारी होतो. पाठवणं न पाठवणं हातात असतंच. त्याहून अवघड गोष्ट पुढची आहे : तो चोर नव्हता असं कळलं, तर तेही त्याच ग्रुपवर, तेवढ्याच लोकांना, तेवढ्याच घाईने पाठवायचं. आजवर माझ्या एकाही ग्रुपवर असा मेसेज आलेला मी पाहिलेला नाही.