उघड्या दाराची प्रार्थना

1893 साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवा मुलींच्या शाळेवरून पुण्यात जे वादळ उठलं, त्याच्या मुळाशी एका आईची आपल्या लेकीबरोबरची रोजची प्रार्थना होती, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. आठवतो तो धर्मांतराचा वाद. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं, पालकांनी मुली परत नेल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई मात्र आपल्या खोलीत लेकीला, मनोरमेला, घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. मनोरमा तेव्हा जेमतेम बारा वर्षांची. त्या वेळी खोलीचं दार लावून घ्यायला रमाबाई तयार नव्हत्या. मुली त्या दारातून आत येत आणि बसत.

मी ख्रिस्ती आहे, तरीही पालकांची तक्रार निराधार होती असं म्हणणार नाही. संस्था चालवणाऱ्या बाईची प्रार्थना निव्वळ खासगी राहूच शकत नाही. तिच्या शब्दाला वजन असतं आणि मुली तिच्या आसऱ्याला असतात. पण त्या मुली आत का येत होत्या, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारला नाही. बायबलच्या आधी दुसरंच काहीतरी त्यांना ओढत असावं, असं मला वाटतं. विधवा म्हणून घरात अपशकुनी ठरलेल्या त्या पोरी. त्यांच्या आया एक तर हुकूम सोडत असतील, नाहीतर हतबल होऊन डोळ्यांना पदर लावत असतील. इथे एवढी विद्वान बाई लेकीशेजारी बसून देवापुढे स्वतःचं उणंदुणं मांडत होती, मदत मागत होती. आई मागते आहे आणि मुलगी ते ऐकते आहे, हे दृश्य त्या काळच्या घरांत किती दुर्मीळ असेल!

मायलेकींच्या एकत्र उपासनेबद्दल मला म्हणायचं आहे ते एवढंच. आई मुलीला धर्म शिकवते हा त्यातला दुय्यम भाग. एरवी घरात आईचा शब्द शेवटचा असतो. प्रार्थनेत तो तसा राहत नाही. तेवढा वेळ दोघीही तिसऱ्या कुणापुढे सारख्याच गरजू असतात.

रमाबाईंना हे स्वतःच्या आईकडून मिळालं होतं. अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. दिवसभर घरकामाचा रगाडा, म्हणून शिकवणी पहाटे, उजाडायच्या आत. झोपेने जड झालेल्या पोरीला आई हळुवार उचलून घ्यायची, लाडाच्या शब्दांनी जागं करायची आणि मग पाठ सुरू व्हायचा. पोथी समोर नसे. आईच्या तोंडून ऐकायचं आणि म्हणायचं. रमाबाईंच्या ‘दि हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकाला अमेरिकेतल्या डॉ. रेचल बॉडली यांची प्रस्तावना आहे, तिच्यात ही हकिकत आली आहे. ते पुस्तक 1887 चं. त्याआधी चार वर्षं, 1883 च्या सप्टेंबरात, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला होता. आणि पुस्तक अर्पण केलं आहे ते आईच्या स्मृतीला, तिच्या शिकवणीनेच आपल्याला आयुष्यभर वाट दाखवली अशा कृतज्ञतेने. आईने कंठस्थ करून दिलेला धर्म सोडलेली मुलगी हे लिहिते! म्हणजे त्या पहाटेच्या तासात धर्माखेरीज आणखी काहीतरी हातात पडलं होतं आणि ते धर्म बदलल्यावरही टिकलं.

आईकडून मिळालेलं हेच रमाबाईंना स्वतः आई म्हणून कसोटीला लावावं लागलं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि त्यांच्यात सिद्धान्तांवरून खटके उडत. आपल्याकडच्या पुरोहितांचं जू उतरवून आलेल्या या बाईला चर्चचं जूही मानेवर नको होतं. मनोरमेला धर्माचं काय आणि किती शिकवायचं, कुणी शिकवायचं, यावरूनही मतभेद झाले. त्या दोघींचा पत्रव्यवहार 1977 साली ए. बी. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या प्रत्येक श्रद्धाळू आईने तो वाचावा, असं मला कळकळीने वाटतं. मुलीच्या श्रद्धेवर मालकी कुणाची, हा प्रश्न त्यात जिवंत आहे.

आमच्या नगरकडच्या प्रोटेस्टंट घरांत रात्रीची जेवणं आटोपली की कौटुंबिक प्रार्थना. आधी ‘उपासना संगीत’मधलं एखादं गीत, मग शास्त्रपाठ, दोन-दोन वचनं आळीपाळीने, मग प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची. वसईकडच्या कॅथलिक घरांत जपमाळ असते, मे आणि ऑक्टोबर या मारियामातेच्या महिन्यांत तर हमखास. जपमाळेचे शब्द ठरलेले, त्यामुळे तिथे जवळीक येते ती एका सुरात म्हणण्यातून. आमच्याकडे शब्द आपले आपण शोधायचे. त्यात उघडं पडण्याची जोखीम आहे, आणि गैरवापराचीही. “प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे, हिचं उलट बोलणं थांबव,” अशी प्रार्थना मी कितीतरी घरांत ऐकली आहे. ही डोळे मिटून केलेली कानउघाडणीच. मुलीला उत्तर देता येत नाही, कारण आई देवाशी बोलते आहे. अशा रात्रींनी मुली दुरावतात आणि मग आया म्हणतात, पोरीला देवाधर्माची ओढ नाही.

मी नववीत होते तेव्हा एका रात्री आई गुडघ्यांवर होती, आजी पलीकडच्या खोलीत झोपलेली. आई हलक्या आवाजात म्हणाली, “प्रभू, सासूबाईंवरचा माझा राग जात नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. तू काय ते बघ. येशूच्या नावाने मागते, आमेन.” मग उठून तिने आजीच्या उशाशी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. पण आईलाही न सुटणारं असं काही असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे माझ्या संसारातली अडचण मी तिला सांगू शकले, त्याचं कारण ती प्रार्थना.

त्या उघड्या दाराच्या खोलीतली मनोरमा पुढे बी.ए. झाली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली, रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात बनली. 1921 च्या जुलैत ती चाळिशीतच गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. लेक गेल्यावरही ते काम त्यांनी हातातून सोडलं नाही. छपाई मुक्तीतल्याच मुली-बायकांनी केली.

आता आमच्या महिला मंडळात आया काळजीने विचारतात, मुलगी पंचविशीची झाली, म्हणते मी प्रार्थनेला बसणार नाही, माझा विश्वास उरला नाही; काय करू? मी त्यांना सांगते, बस म्हणून आग्रह करू नका. पण म्हणून तुमची प्रार्थना मनातल्या मनात उरकायलाही लागू नका. ती पलीकडे लॅपटॉप घेऊन बसली असेल तर बसू दे. मोठ्याने करा, आणि तिच्याबद्दल नको, स्वतःबद्दल बोला.