मंडळी सुटली, मित्र उरले

धर्मांतर म्हटले की चर्चा होते ती श्रद्धेची; माणसांचा विचार फारसा कोणी करत नाही. मंडळी सोडणाऱ्याला खरा चटका बसतो तो मात्र माणसांचाच. प्रार्थना एकट्यालाही करता येते. पण आपण काल कसे होतो, याची साक्ष देणारे लोक मंडळीबरोबर जातात, आणि मागे राहिलेले त्याचा भूतकाळ आपल्या सोयीने रंगवू लागतात.

जॉन हेन्री न्यूमन यांच्या वाट्याला हे सारे आले. ते ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चचे धर्मगुरू आणि इंग्लंडभर नावाजलेले प्रवचनकार होते. २५ सप्टेंबर १८४३ रोजी लिटलमोअरच्या लहानशा चर्चमध्ये त्यांनी अँग्लिकन धर्मगुरू म्हणून शेवटचे प्रवचन केले. विषय होता मित्रांची ताटातूट. ऐकणाऱ्यांना हुंदके आवरले नाहीत. दोन वर्षांनी ते कॅथलिक झाले. जॉन कीबल आणि एडवर्ड प्युसी हे जुने अँग्लिकन सोबती दुरावले. फ्रेडरिक रॉजर्स यांनी तर त्याआधीच मैत्री संपवली होती. बहीण हॅरिएट तुटली ती कायमचीच.

१८६४ मध्ये लेखक चार्ल्स किंग्जली यांनी न्यूमन यांच्या सचोटीवरच घाव घातला. हा माणूस अँग्लिकन असतानाही आतून दुसऱ्यांचाच होता, असा संशय लोकांना पूर्वीपासून होताच. न्यूमन यांनी उत्तरादाखल आपल्या श्रद्धेचा इतिहास लिहायला घेतला. दर आठवड्याला एक भाग छापून येई. उभ्याने, तासन्‌तास, कधी रडत त्यांनी तो लिहिला. जुनी पत्रे आणि तपशिलांची खातरजमा यांसाठी त्यांनी हात पुढे केला तो अँग्लिकनच राहिलेल्या मित्रांपुढे. त्यांत कीबल होते, रिचर्ड चर्च होते. १८४५ मध्ये न्यूमन यांच्या एका पुस्तिकेच्या निषेधाचा ठराव ऑक्सफर्ड विद्यापीठात आला, तेव्हा नकाराधिकार वापरून तो रोखणाऱ्या दोन प्रॉक्टरांपैकी, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांपैकी, चर्च हे एक. न्यूमन यांचा निर्णय त्यांना पटलेला नव्हता, तरी तो खोटेपणाने घेतलेला नाही, हे त्यांना ठाऊक होते.

जुन्या मित्राचे मोल इथे आहे. नव्या मंडळीतले लोक मायेने जवळ घेतात, पण त्यांना ओळख असते ती नव्या माणसाची. आयुष्याचे दोन तुकडे झालेल्याला ते एकच आयुष्य आहे असे सांगू शकतो तो दोन्हीकडचे पाहिलेला माणूस.

१८६५ मध्ये चर्च आणि पुन्हा जवळ आलेले रॉजर्स यांनी मिळून न्यूमन यांना एक व्हायोलिन भेट दिले. लहानपणी न्यूमन व्हायोलिन शिकले होते. साठी उलटलेल्या या पाद्र्याने बर्मिंगहॅमच्या मठात बेथोव्हेनची पाने काढली, आणि वाजवताना आनंदाने त्यांच्या तोंडून उद्गार फुटला.

त्याच वर्षी सप्टेंबरात ते कीबल यांच्या हर्स्लीच्या घरी गेले. दारात दोघांनी एकमेकांना ओळखलेच नाही. प्युसीही अनपेक्षितपणे तिथे होते. तिघे एका टेबलाशी जेवले. जुना मोकळेपणा काही आला नाही, आणि न्यूमन यांनी ते पुढे प्रांजळपणे लिहिलेही. मैत्री जुळली म्हणजे मधली वीस वर्षे पुसली जातात असे नाही. पुढल्या वर्षी कीबल गेले. प्युसी यांनी हर्स्लीच्या भेटीच्या सुमारासच कॅथलिक पंथावर टीका करणारे पुस्तक काढले होते. न्यूमन यांनी त्याला जाहीर उत्तर छापले, चांगलेच परखड. त्यानंतरही दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला.