ताऱ्याच्या देण्यास त्याग म्हणावे काय?

एप्रिलच्या मध्यास, निरभ्र काळोख्या रात्री साडेनऊच्या सुमारास नंदगडच्या मोकळ्या माळावरून दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजापासून सुमारे १५ अंशांवर एक मंद तारा दिसू शकतो. अगस्त्य ज्या नौकातल तारकासमूहात आहे त्यातीलच हा; ज्योतिर्विद त्यास ईटा कॅरिनी म्हणतात. आज तो शोधावा लागतो. परंतु मार्च १८४३ मध्ये व्याध वगळता रात्रीच्या सर्व ताऱ्यांहून तो तेजस्वी दिसला. पुढील पंचवीस-तीस वर्षांत तो नुसत्या डोळ्यांस दिसेनासा झाला. (त्याचा प्रकाश येथे येण्यास सुमारे ७,५०० वर्षे लागतात, म्हणजे या तारखा आपल्या पाहण्याच्या, घडण्याच्या नव्हेत.)

त्या उद्रेकात ताऱ्याने निदान दहा सूर्य घडतील इतके द्रव्य बाहेर फेकले. दोन फुगीर गोलांच्या रूपाने ते सेकंदाला सुमारे ६५० किलोमीटर वेगाने पसरत आहे, आणि त्यातील धुळीनेच ताऱ्याला झाकून टाकले. दाता आपल्याच दानाआड लपला! पायरीपायरीवर नावे कोरून घेणाऱ्या आम्हां मंडळींपुढे हा सात्त्विक दानाचा आदर्श म्हणून ठेवण्याचा मोह कोणाही प्रवचनकारास होईल. तो आवरावा, असे आम्हांस वाटते.

कारण असे की, इतक्या प्रचंड ताऱ्यात आतल्या प्रकाशाचा दाबच गुरुत्वाकर्षणाच्या बरोबरीस येऊ पाहतो; बाहेरचे थर जेमतेम धरून राहिलेले असतात. त्या महाउद्रेकाच्या कारणाविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दोन तारे एकमेकांत मिसळल्याने तो घडला, असेही काहींचे म्हणणे आहे. कोणतेही मत धरा, ताऱ्याला राखून ठेवण्याची मुभा नव्हती. आणि जे राखता येत नाही त्याचा त्याग कसला? नंदगडकरांस हा भेद समजावून सांगावयास नको. १८२४ च्या लढ्यात पकडला जाऊन सुटल्यावर संगोळ्ळी रायण्णास घरी स्वस्थ बसता आले असते. तो पुन्हा लढला, आणि २६ जानेवारी १८३१ रोजी याच गावी फासावर गेला. त्यानंतर बाराच वर्षांनी तो तारा झळकला.

मग ज्याने बुद्धिपुरस्सर दिले नाही, त्याचे आपण काहीच देणे लागत नाही काय? येथे मात्र आमचे मत उलट पडते. ईटा कॅरिनीने फेकलेल्या द्रव्यात नायट्रोजन विपुल आहे. असले द्रव्य अवकाशातील मेघांत मिसळते व त्यांतून नवे तारे घडतात. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच मेघातून जन्मला. आपल्या शेतातील भातामधला नायट्रोजन, हाडांतील कॅल्शियम, रक्तातील लोह ही सारी त्यापूर्वीच्या नाना ताऱ्यांची मिळकत. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा तरी कोणाच्या तहानेचा विचार करून वाहते? तरीही तिचे पाणी पिणारा तिला नमस्कार करतो, आणि त्यात कोणास भाबडेपणा वाटत नाही. ऋण घेणाऱ्याच्या बाजूने उभे राहते. देणाऱ्याच्या मनात काय होते, यावर ते अवलंबून नाही. परतफेड कोणास करावयाची, असा प्रश्न कोणी करील. तारा काही घेण्यास येणार नाही. १९४० च्या सुमारापासून त्याच्याभोवतीची धूळ विरळ होऊ लागली असून तो हळूहळू पुन्हा उजळत आहे. फेकलेले द्रव्य मात्र दूर दूर चालले आहे.