राजनिष्ठांचें संगीत

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. त्याच दिवशीं दिल्लीच्या दरबारांत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचें जाहीर झालें, आणि जमशेटजी टाटांनीं गिरणीस तिच्या पदवीचें नांव दिलें. त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांत राजनिष्ठा ही लपविण्याची गोष्ट नव्हती. ती पाटीवर लिहिली जात असे, समारंभांत बोलून दाखविली जात असे, आणि बँडच्या सुरांबरोबर उभें राहून गाइलीही जात असे. त्या पिढीचे वंशज म्हणून आम्हांपुढें एक प्रश्न उभा राहतो. जें संगीत राजनिष्ठांनीं आवडीनें ऐकलें, त्यास त्यांच्या निष्ठेचा डाग लागतो काय? आणि तें गाणाऱ्यांस आम्हीं कोणत्या मापानें मोजावें?

प्रथम सुरांचा विचार करूं. अमेरिकेंतील वसाहतींनीं १७७६ सालीं स्वातंत्र्य पुकारलें, तेव्हां तेथील हजारों लोक इंग्रज राजाच्याच बाजूस राहिले; युद्ध संपल्यावर त्यांपैकीं पुष्कळांनीं घरदार सोडून कॅनडाचा रस्ता धरला. परंतु त्यांच्या दिवाणखान्यांतील संगीत बंडखोरांच्या संगीताहून निराळें नव्हतें. नाचाच्या चाली त्याच, आणि हँडेलही तोच. 'यँकी डूडल' हें गाणें इंग्रज शिपाई वसाहतवाल्यांची टर उडविण्यासाठीं म्हणत. वसाहतवाल्यांनीं तेंच उचलून आपलें रणगीत केलें. पुढें १८३१ सालीं सॅम्युएल स्मिथ यानें अमेरिकेचें स्तुतिगीत रचलें, तें ब्रिटिश राष्ट्रगीताच्याच चालीवर. ज्या चालीनें राजाचें दीर्घायुष्य चिंतिलें, तीच चाल राजास नाकारणाऱ्या देशाच्या मुखीं बसली, आणि तिला त्यांत कांहीं अडचण पडली नाहीं.

हाच न्याय आपल्या संगीतास लावून पाहावा. विष्णु दिगंबर पलुसकर आणि विष्णु नारायण भातखंडे हे दोघेही महाराष्ट्राचे. पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. काँग्रेसच्या व्यासपीठावर ते 'वंदे मातरम्' गात; १९२३ सालीं काकिनाड्यास अध्यक्षांनीं हरकत घेतली असतांही त्यांनीं तें पुरें केलें. भातखंड्यांच्या प्रयत्नानें १९२६ सालीं लखनौस जें विद्यालय निघालें, त्यास मात्र संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचें नांव होतें. नागपूरकरांनीं त्याची आपल्या १८८५ च्या मॉरिस कॉलेजाशीं गल्लत करूं नये. तें नांव निराळ्या साहेबाचें. लखनौच्या पाटीवर खुद्द भातखंड्यांचें नांव १९६६ सालीं आलें. पण मधल्या चाळीस वर्षांत तेथें शिकविलेला यमन लाहोरच्या यमनाहून अधिक राजनिष्ठ होता, असें कोणता श्रोता म्हणेल? गव्हर्नराचें नांव दारावर राहिलें. तें तानपुऱ्याच्या तारेपर्यंत पोहोंचलें नाहीं.

परंतु येथेंच थांबल्यास विचार अर्धवट राहील. सूर निरागस असला, तरी गीत म्हणजे नुसता सूर नव्हे. त्यांत शब्द असतो, आणि शब्द उच्चारणारा कांहीं तरी कबूल करीत असतो. गांधीजींनीं आपल्या आत्मचरित्रांत या गोष्टीचा स्वच्छ हिशेब दिला आहे. दक्षिण आफ्रिकेंत असतांना त्यांनीं ब्रिटिश राष्ट्रगीताची चाल कष्टानें साधली. सभांतून तें इतरांबरोबर म्हटलें, घरच्या मुलांना शिकविलें, आणि राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजांतील विद्यार्थ्यांसही शिकविलें. त्यांत कोणाची खुशामत नव्हती. ब्रिटिश राज्य एकंदरींत प्रजेच्या हिताचें आहे, असें ते तेव्हां मनापासून मानीत. पुढें त्या गीतांतील शत्रूंच्या नाशाची प्रार्थना त्यांना खुपूं लागली. शत्रु म्हटला म्हणून तो कपटीच असला पाहिजे, असें कशावरून? अहिंसेच्या उपासकानें ईश्वराजवळ असें मागणें कसें मागावें? त्यांची तक्रार चालीविषयीं नव्हती, शब्दांविषयीं होती. आणि ज्यानें तें गीत इतक्या निष्ठेनें म्हटलें, त्याच्याच असहकाराच्या मार्गावर डिसेंबर १९२० मध्यें नागपूरच्या काँग्रेसनें शिक्कामोर्तब केलें.

या उदाहरणांत आमच्या मतें दोन्ही प्रश्नांचें उत्तर आहे. आस्वाद हा अपराध नव्हे. इंग्रजांनीं १८२१ सालीं वसविलेल्या कामठीच्या छावणींतील बँड ऐकून ज्याच्या पावलानें ठेका धरला, त्यानें देश विकला असें होत नाहीं. पलटणींतलीं पितळी वाद्यें पुढें आमच्याच वरातींत सनईच्या शेजारीं येऊन बसलीं, आणि आम्हीं तीं आनंदानें ठेवून घेतलीं. उच्चाराची गोष्ट मात्र निराळी. तेथें मुखांतला शब्द आणि मनांतला भाव यांचा मेळ आहे किंवा नाहीं, हेंच माप. पोटासाठीं ओठ हलविणाऱ्या कारकुनास आम्ही फार दोष देणार नाहीं. त्याच्या घरीं चूल होती. परंतु ज्यानें रायबहादुरीवर डोळा ठेवून १९४७ पर्यंत एक गीत म्हटलें, आणि नंतर दुसऱ्या लाभावर डोळा ठेवून दुसरें म्हटलें, त्याचे सूर तेवढे बदलले; वृत्ति बदलली नाहीं. त्याची राजनिष्ठा खोटी होती, म्हणून त्याची देशभक्ति खरी ठरत नाहीं.

आज शाळेंत आमच्या मुलांस राष्ट्रगीताच्या वेळीं ताठ उभें राहण्यास शिकवितात, तें योग्यच आहे. त्याबरोबर प्रत्येक ओळीचा अर्थही त्यांना समजावून द्यावा, आणि ते शब्द आपण आपल्या वागणुकीनें खरे करीत आहों काय, हें वडील माणसांनीं स्वतःस विचारावें. अर्थाचा विचार न करतां जो आज उभा राहतो, तो त्या काळीं राजाच्या गीतालाही तसाच उभा राहिला असता.